मैदानात चालतो, मग निवड करणारा का चालत नाही?



आसनगावात पहाटे बाहेर पडलात तर पोलीस भरतीसाठी धावणारी आपली पोरं दिसतात. संध्याकाळी हीच पोरं कबड्डी खेळतात. परवा विहारात त्यांना 'इन्व्हिक्टस' दाखवला. १९९५ साली दक्षिण आफ्रिकेने रग्बीचा विश्वचषक जिंकला, त्यावरचा चित्रपट. संपल्यावर एकाने विचारलं, "दादा, त्या टीममध्ये एकच गोरा नसलेला होता. त्याचं पुढे काय झालं?"

त्याचं नाव चेस्टर विल्यम्स. जन्म १९७० चा, पार्ल गावातला. वर्णभेदी कायद्याने त्याला 'कलर्ड' ठरवलं होतं. विश्वचषकाआधी त्याचा फोटो सगळ्या जाहिरातींत झळकत होता. दुखापतीमुळे तो संघाबाहेर गेला, परत आला आणि उपांत्यपूर्व सामन्यात वेस्टर्न सामोआविरुद्ध चार ट्राय केले. ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं. तरीही 'रंगामुळे घेतला' हे ऐकणं त्याला चुकलं नाही. २००२ साली आलेल्या त्याच्या चरित्रात त्याने सांगितलं की संघातलेच लोक रंगावरून शिवी देत आणि तो संघात एकटा पडला होता. पोस्टरवर एकता, आत शिवी. आपल्याला हे नवीन नाही.

खेळणं थांबल्यावर तो प्रशिक्षक झाला. २००१ मध्ये देशाचा सेव्हन्स संघ त्याच्याकडे आला आणि २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्या संघाने कांस्यपदक मिळवलं. पुढे युगांडा, ट्युनिशिया आणि शेवटी वेस्टर्न केप विद्यापीठ. देशाच्या मुख्य संघाची जबाबदारी मात्र त्याला कधीच मिळाली नाही. २०१९ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी तो गेला.

२००८ मध्ये पीटर डी व्हिलियर्स हा मुख्य संघाचा पहिला गोरा नसलेला प्रशिक्षक झाला. नेमणूक जाहीर करतानाच मंडळाच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं की निवडीत केवळ रग्बीचा विचार झालेला नाही. म्हणजे पहिल्या सामन्याआधीच माणसाच्या कपाळावर शिक्का! २००९ मध्ये त्याच्या संघाने ब्रिटिश-आयरिश लायन्सना मालिकेत हरवलं, ट्राय-नेशन्सही जिंकली. त्याच्याआधी प्रत्येक प्रशिक्षक गोराच होता. ते शंभर टक्के आरक्षणच होतं, पण त्याला गुणवत्ता म्हणत.

आपल्याकडचं पाहा. बाळू पालवणकर पुण्याच्या जिमखान्यावर इंग्रजांना नेटमध्ये गोलंदाजी करायचे. त्यांची फिरकी हिंदू संघाला हवी होती, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं; ते १९२३ मध्ये भाऊ विठ्ठल यांना मिळालं. १९३७ मध्ये बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. ते आपण विसरत नाही, पण म्हणून त्यांच्यावरचा अन्याय खोटा ठरत नाही.

शोषितांचं शरीर व्यवस्थेला चालतं. पाय चालतात, खांदा चालतो, घाम चालतो. डोकं चालवायची, माणसं निवडायची वेळ आली की 'मेरिट' आठवतं. बाबासाहेब मोक्याच्या जागांचा आग्रह धरत होते तो याचसाठी. संघ कोण निवडतो, शिट्टी कोण वाजवतो, संघटनेच्या कागदावर सही कोणाची, हे मैदानातल्या मोक्याच्या जागा आहेत.

कोणी म्हणेल, खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, ते घ्या आणि गप्प बसा. घ्यायचंच आहे, तो हक्क आहे. पण ज्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर ती नोकरी मिळते, त्या स्पर्धेचा संघ कोण निवडतं?

म्हणून शहापूर-मुरबाडच्या पोरा-पोरींना माझं सांगणं आहे. भरतीची तयारी सोडू नका, पण पंच परीक्षेचीही चौकशी करा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका मिळते, तिची पात्रता बघा. तालुक्याच्या संघटनेच्या सभेला जा आणि निवडीचे निकष लेखी मागा. खेळून झाल्यावर घरी जाऊ नका, निवड समितीच्या खुर्चीपर्यंत जा.

जय भीम!