झाडाचंच तेल, पण...

मैत्रिणींनो, आज माझीच एक चूक सांगते.

आमच्या बचत गटातल्या एकीच्या कपाळावर, नेमकी टिकलीच्या जागी, सारखी खाज सुटायची. लाल पुरळही उठलेलं. मी मोठ्या शहाणपणानं पर्समधली टी ट्री तेलाची इवलीशी बाटली काढली. म्हटलं, "लाव गं हे. झाडाचंच आहे, अपाय कसला?" चार दिवसांनी ती आली ती पदर कपाळावर ओढून. कपाळ सुजलेलं, पाण्याचे फोड आलेले. "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून दोन्ही वेळा लावत होते हो," एवढंच म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं!

त्वचारोगतज्ज्ञांकडे मीच तिला घेऊन गेले. मूळ दुखणं टिकलीच्या डिंकाचं निघालं. बऱ्याच टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं. त्यानं खाज येते, कुणाकुणाला पुढे पांढरा डागही पडतो. त्यावर पहिला उपाय टिकली बंद करणं. आणि वर मी दिलेल्या तेलाची ही दुसरी रिॲक्शन!

मग मात्र मी वाचायला घेतलं. ही तेलं म्हणजे आपलं खोबरेल नव्हे. पानाफुलांतून वाफ सोडून त्यांचा सुगंधी अर्क थेंबाथेंबानं गोळा करतात. किलोभर गुलाबतेलाला हजारो किलो पाकळ्या लागतात, यावरून एक थेंब किती जहाल ते बघा. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल, लॅव्हेंडरमधलं लिनालूल यांचीच काहींना ॲलर्जी असते. म्हणून तर युरोपात २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांवर अशा २६ सुगंधी घटकांची नावं छापणं सक्तीचं झालं, त्यात ही दोन्ही आहेत. बाटली उघडून बरेच दिवस झाले, हवा लागली, की तेल आणखी त्रासदायक होतं. माझी बाटली तर दोन वर्षांची होती!

तेलात गुण नाहीच असं नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या हातावर हिस्टामिन टोचून गांधी उठवली, ती टी ट्री तेलानं कमी झाली. पण मुद्दाम उठवलेली गांधी कुठे आणि रोज टिकली लावून चिघळलेलं कपाळ कुठे! पुरळावर, फुटलेल्या कातडीवर, तान्ह्या बाळाला ही तेलं लावूच नयेत. एरवी हौस असेल तर खोबरेलात चांगलं पातळ करून कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावावं आणि दोन दिवस वाट बघावी. खाज आलीच तर तिथेच थांबावं.

तिचं कपाळ आता निवळतंय. औषधापेक्षा अवघड गेलं ते तिच्या सासूबाईंना समजावणं. "सवाशिणीनं कपाळ मोकळं ठेवायचं?" म्हणून दोनदा त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला चहा टाकला आणि म्हणाल्या, "बरं बाई, आधी कातडी बरी होऊ दे."