हेडर फाइल उसनी आणू नका

या महिन्याच्या टपालात बहुतेकांचे रडगाणे एकच. वर्षानुवर्षे बिनतक्रार कंपाइल होणारा कोड नव्या लिनक्स सर्व्हरवर नेला, मेक चालवले आणि लगेच फेटल एरर: सिस/सिससीटीएल.एच सापडत नाही. तक्रारीला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पत्राच्या शेवटच्या ओळीला. ‘तूर्त जुन्या मशीनवरून फाइल कॉपी करून काम भागवले आहे.’

कसले भागवले? ती फाइल कोणी इन्स्टॉल करायला विसरलेले नाही. जीलिबसी २.३० मध्ये ती कालबाह्य ठरली आणि २०२० च्या २.३२ मध्ये काढून टाकली, कारण तिच्यामागचा सिस्टीम कॉलच कर्नल ५.५ मधून गेला होता. फाइल उसनी आणाल, फंक्शन कुठून आणणार? लिनक्सवर त्या फंक्शनने मिळणारी माहिती प्रॉक/सिस खाली आहे, तिथून वाचा. पुष्कळदा तर कोडमध्ये त्या हेडरमधले काही वापरलेलेच नसते. मात्र इन्क्लूडची ओळ सरसकट उडवू नका. फ्रीबीएसडी आणि मॅकवर ती आजही लागते, तेव्हा अट घाला.

आरपीसी/आरपीसी.एच ची गोष्ट वेगळी. सन आरपीसी जीलिबसीतून बाहेर पडले, आता लिबटीआयआरपीसी लागते. तिचे डेव्ह पॅकेज टाकूनही एरर हटत नाही, कारण हेडर टीआयआरपीसी नावाच्या उपडिरेक्टरीत असतात. पाथ अंदाजाने ठोकू नका, पीकेजी-कॉन्फिगला विचारा.

सगळा दोष वाचकांच्या माथी मारणेही बरोबर नाही. एका खात्यातल्या वाचकाने लिहिले आहे की त्यांच्या सर्व्हरवर जीसीसीला मंजुरी आहे, पण झेडलिब-डेव्हलचा अर्ज परत आला. शेरा: ‘प्रॉडक्शनवर डेव्हलपमेंट साहित्य नको.’ त्या पॅकेजात असते काय? झेडलिब.एच, झेडकॉन्फ.एच, लिंकरसाठी एक सिमलिंक, एक पीसी फाइल, मॅनपेज. प्रॉडक्शनवर कंपायलरच नको, बिल्ड वेगळ्या मशीनवर करा, असे म्हटले असते तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. कंपायलर चालतो आणि हेडर चालत नाही, हा कुठला सुरक्षाविचार? साहेबांनी शेरा मारला, वाचकाने पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याच आवृत्तीचा हेडर आणला. आता सुरक्षित काय राहिले?

झेडलिबचे लेखक निदान सावध आहेत. इन्फ्लेटइनिट हा मॅक्रो आहे. तुमच्या हेडरमधली आवृत्ती आणि स्ट्रक्चरचा आकार तो लायब्ररीकडे पाठवतो. आवृत्तीचा पहिला आकडा किंवा आकार जुळला नाही, तर लायब्ररी तिथेच नकार देते. एवढी काळजी सगळे घेत नाहीत. स्ट्रक्चरमध्ये मधेच एखादे फील्ड वाढलेले असते, कंपायलर गप्प, लिंकर गप्प, आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. मग रात्रभर डीबगर घेऊन बसा.

आणि आपली जमात? १९८९ च्या सी मानकाने मॅलॉक एसटीडीलिब.एच मध्ये बसवले, तरी मॅलॉक.एच इन्क्लूड करणारा कोड अजून लिहिला जातो. फ्रीबीएसडीवर ती फाइल उघडून पाहा: आत ‘त्याऐवजी एसटीडीलिब.एच वापरा’ असे सांगणारी एरर ठेवली आहे. दुसरी खोड, लिनक्स दिसले की जीलिबसी धरून चालायचे. अल्पाइनही लिनक्सच, पण मस्लवर चालते आणि मस्लमध्ये एक्झेकइन्फो.एच नाही. कोणती सिस्टीम ते विचारू नका, फाइल आहे का ते विचारा. त्यासाठी ऑटोकॉन्फ आहे, आणि आता सी२३ मध्ये हॅज-इन्क्लूडही आले आहे.

फ्रीबीएसडीवाल्यांनो, पोर्ट्समधले हेडर यूएसआर/लोकल/इन्क्लूडमध्ये जातात आणि बेस कंपायलर तिथे आपणहून बघत नाही. सीपीपीफ्लॅग्जमध्ये तो पाथ द्या. सिमलिंकांचे जाळे विणू नका.

यापुढे पत्राबरोबर शेवटच्या एररचा फोटो नको, कॉन्फिग.लॉग पाठवा. फाइल जागेवर असूनही कॉन्फिगर ‘नाही’ का म्हणतो, ते तिथेच कळते. जीसीसी १४ पासून जाहीर न केलेले फंक्शन वापरणे ही थेट एरर झाली आहे आणि कित्येक जुन्या चाचण्या तेवढ्यानेच नापास होतात. दुरुस्ती सापडली की पॅच मूळ लेखकाकडे धाडा, प्रत आम्हाला द्या. चांगले पॅच पुढच्या अंकापासून छापू. कॉपी केलेल्या हेडरची पत्रे यापुढे छापली जाणार नाहीत.