टचपॅड कीबोर्डच्या पलीकडे!

“मामा, याचा कीबोर्ड उलटा बसवलाय का?”

गेल्या महिन्यात इंदूरमधल्या जुन्या लॅपटॉपच्या एका दुकानात माझ्या भाचीने हा प्रश्न विचारला. हे मशीन पहिल्यांदा पाहिलं तर तुम्हीही हेच विचाराल. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये टचपॅड आपल्या हाताशी असतो आणि कीबोर्ड त्याच्या पलीकडे. इथे कीबोर्ड थेट पुढच्या कडेला, आणि टचपॅड त्याच्या मागे, स्क्रीनच्या पायथ्याशी!

भाचीला बडोद्याला फाइन आर्ट्सला प्रवेश मिळाला आहे. ताईने भिशीतून २५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, आणि त्यात चार वर्षं चालेल असं काहीतरी हवं आहे. दुकानदार या मशीनचे १६ हजार सांगत होता. “टच आहे, स्क्रीन फिरते, पोरगी मजेत चित्रं काढेल.” ताईने फोनवर विचारलं, “घेऊन टाकू का रे?” मी म्हटलं, तासभर थांब.

तुम्हालाही जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन असा एखादा लॅपटॉप दिसला, तर तो तास कसा घालवायचा ते सांगतो.

हे मशीन म्हणजे एसरचा ॲस्पायर आर७. मे २०१३मध्ये न्यूयॉर्कला जाहीर झाला, तेव्हा अमेरिकेत किंमत होती ९९९ डॉलर. काळही तसाच होता. ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ आलं, सगळी विंडोज बोटाने चालवायची टूम निघाली आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या अंगात आलं. लेनोवोने योगाची स्क्रीन पूर्ण मागे दुमडली, डेलने एक्सपीएस १२ची स्क्रीन चौकटीतल्या चौकटीत फिरवली, असूसने तर झाकणाच्या दोन्ही बाजूंना स्क्रीन लावली. त्या जत्रेत आर७ सर्वांत विचित्र दिसायचा. पण नुसता विचित्र नव्हता, त्यामागे विचार होता.

साध्या लॅपटॉपला टचस्क्रीन असली की काय होतं? हात लांब करून, हवेत धरून बोट लावायचं. पाच मिनिटांत खांदा भरून येतो. शिवाय बोट लावलं की स्क्रीन मागेपुढे डुलते. आर७मध्ये स्क्रीन कडेला जोडलेलीच नाही. खालून एक रुंद धातूचा हात वर येतो आणि स्क्रीनच्या पाठीला मधोमध धरतो. या हाताला दोन सांधे. त्यामुळे स्क्रीन ओढून थेट कीबोर्डच्या मागच्या कडेपर्यंत, म्हणजे तुमच्या जवळ आणता येते. हव्या त्या कोनात तिरपी करता येते. कीबोर्डवर सपाट झोपवता येते. उलटी करून समोरच्या माणसाकडे तोंडही फिरवता येतं. चित्रकार ज्या लाकडी घोडीवर कागद टेकवतात, त्या ईझलवरून या सांध्याचं नाव ‘एझेल’ पडलं.

आता टचपॅडचं कोडं सुटतं. स्क्रीन पुढे आली की काहीतरी झाकलं जाणारच. एसरने ठरवलं, टचपॅड झाकूया. स्क्रीन जवळ असताना बोट आहेच की! कागदावर हे पटतं.

दुकानात स्टुलावर बसून मी अर्धा तास टाइप केलं. टाइप करताना तळहात टेकायला जागा नाही, मनगटं कडेवर लोंबतात. कर्सर हलवायचा तर सगळ्या बटणांवरून हात पलीकडे न्यायचा, आणि नेताना एखादं बटण दाबलं जातंच. भाचीने तर तीनदा रिकाम्या जागेवर बोट फिरवलं, कारण दहा वर्षांची सवय सांगते की टचपॅड तिथे असतो. माउस लावला तर हा प्रश्न मिटतो, हे खरं. पण मग माउसही कायम सोबत बाळगायचा.

स्क्रीन मात्र सुरेख. १५.६ इंच, फुल एचडी, कुठूनही पाहा, रंग फिके पडत नाहीत. पुढे ओढून बोट लावलं तर जराही डुलत नाही. माझ्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही पेपर नाकाशी धरावा लागतो. टेबलावर ठेवलेल्या या मशीनची स्क्रीन तिच्या तोंडापर्यंत येईल, असा विचार मनात येऊन गेला. भाचीने लगेच ओळखलं. “मामा, आपण माझ्यासाठी आलोय.”

वजन साधारण २ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे दोन किलो कणकेची पिशवी आणि वर चार बटाटे. झोपवून ‘टॅब्लेट’ केला तरी तो मांडीवर किंवा टेबलावरच. उभं राहून हातात धरायचा नाही.

पण आमचा सौदा अडला तो पेनवर. बोटाने चालणारी स्क्रीन आणि पेनने चित्र काढायची स्क्रीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. खऱ्या पेनसाठी स्क्रीनमध्ये वेगळी यंत्रणा लागते. ती असली तर पेन दाबलं की रेघ जाड होते आणि टेकलेला तळहात स्क्रीन सोडून देते. नसली तर रबरी टोकाची कांडी मिळते. ती म्हणजे मशीनच्या लेखी फक्त एक जाडं बोट. आर७च्या पहिल्या आवृत्तीत, ५७१मध्ये, ही यंत्रणा नव्हती. २०१३च्याच शेवटी आलेल्या ५७२मध्ये पेनची सोय झाली. बाहेरून दोन्ही जुळ्या भावंडांसारखे. मशीन पालथं केलं, लेबल वाचलं : ५७१. दुकानदाराने रबरी कांडी दिली. भाचीने तळहात टेकून एक पान काढायला घेतलं, तर पानाखाली तळहाताचा मोठा डाग उमटला.

दुसरी अडचण वयाची. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १०ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. बँकेचा ओटीपी आणि कॉलेजची फी ज्या मशीनवर भरायची, त्याला सुरक्षेचे अपडेट हवेतच. जुना लॅपटॉप कुठल्याही कंपनीचा असो, आधी प्रोसेसरची पिढी विचारा, मग किंमत.

गंमत म्हणजे ही कल्पना पुढे मेली नाही. २०२१च्या मायक्रोसॉफ्ट सरफेस लॅपटॉप स्टुडिओमध्येही स्क्रीन पुढे येते, पण ती कीबोर्ड झाकते आणि टचपॅड मोकळा सोडते. प्रश्न तोच, उत्तर नेमकं उलटं! आणि मला विचाराल तर जास्त शहाणं. किंमत मात्र ताईच्या भिशीच्या कित्येक पट.

दुकानात असाल तर लाजू नका. स्क्रीनच्या कोपऱ्यावर टकटक करून पाहा. पेन असेल तर पट्टीच्या आधाराने अगदी हळू एक तिरपी रेघ ओढा. रेघ थरथरत आली तर समजा, तुमच्या चित्रांतही थरथरणार. आणि मशीन मांडीवर घेऊन बसाच.

आम्ही लॅपटॉप घेतला नाही. ताईच्या घरचा डेस्कटॉप बरा चालतो. त्याला जोडायची, स्क्रीन नसलेली पेन टॅब्लेट काही हजारांत मिळते. ती घेतली, डेस्कटॉप बडोद्याला जाणार आहे. उरलेले पैसे ताईने परत डब्यात ठेवले.

दुकानातून निघताना भाची दारातून मागे फिरली. आर७ची स्क्रीन पुढे ओढली, तिरपी केली, पुन्हा मागे नेली. “सांधा भारी आहे पण,” म्हणाली. दुकानदाराने लगेच १४ हजार सांगितले.