ऊसतोडीचा हंगाम आणि विधानसभेतील जागा

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी बीड जिल्ह्याच्या वाट्याला ६ जागा आल्या आहेत. हा आकडा राजकारणात रस घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. परंतु तो कोणत्या हिशेबाने निघाला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती आता करणे अगत्याचे आहे. मतदारसंघांची फेररचना शिरगणतीच्या आधारे होते, आणि आपल्याकडील शिरगणती नेमकी अशा दिवसांत होत आली आहे की ज्या दिवसांत या जिल्ह्यातील लक्षावधी श्रमिक जिल्ह्याबाहेर उसाच्या फडात असतात. ही विसंगती वेळीच ध्यानात घेतली नाही, तर तिचे परिणाम पुढील कित्येक वर्षे भोगावे लागतील.

प्रतिनिधित्वाचा उशिरा आलेला हक्क

मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ २२ जानेवारी १८६२ रोजी प्रथम भरले. पुढे १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली तेथे १७५ सदस्यांची विधानसभा अस्तित्वात आली. या पाऊणशे वर्षांच्या वाटचालीत मराठवाड्याला कोणतेच स्थान नव्हते, कारण हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला आणि १९५२ साली बीडच्या सामान्य माणसाने प्रौढ मताधिकाराने प्रथम मतदान केले. त्याचा प्रतिनिधी तेव्हा हैदराबादच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, आणि १९५७ साली तोच मतदार मुंबईच्या ३९६ सदस्यांच्या सभागृहासाठी मत देऊ लागला. १ मे १९६० रोजी त्यातील १३२ जागा गुजरातकडे गेल्या व २६४ महाराष्ट्राकडे राहिल्या. १९६७ च्या निवडणुकीत ही संख्या २७० झाली आणि १९७८ पासून ती २८८ आहे.

अर्थात, आपले गाव न सोडता या भागातील माणसाची विधानसभा दशकभरात दोनदा बदलली. राज्याच्या सीमा माणसाकडे चालत आल्या. आजचा प्रश्न उलट स्वरूपाचा आहे. सीमा स्थिर आहेत. माणूस मात्र वर्षातील पाच-सहा महिने गाव सोडून जातो. त्याला कोणत्या जिल्ह्याच्या पारड्यात मोजावयाचे?

हा केवळ अभिमानाचा प्रश्न नव्हे. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ साली राज्यातील विकासाचा एकंदर अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये ठरविला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा होता. त्यानंतर राज्यघटनेच्या ३७१व्या अनुच्छेदानुसार १९९४ साली विकास मंडळे स्थापन झाली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. समित्या येतात व अहवाल देतात, मंडळे येतात व त्यांची मुदत सरते. पाणी, रस्ते आणि शिक्षण यांवरील खर्चाचा आग्रह वर्षानुवर्षे धरण्याचे कायमचे स्थान विधिमंडळ हेच होय. तेथे किती माणसे उभी राहतात, याला म्हणूनच महत्त्व आहे.

अर्ध्या जागेचा हिशेब

राज्यघटनेच्या १७०व्या अनुच्छेदानुसार, शक्य तेथवर, लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण राज्यभर सारखे असावे लागते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख होती. तिला २८८ ने भागल्यास एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार लोक येतात. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाख ६१ हजार. म्हणजे भागाकार ६.४२. अपूर्णांक अर्ध्याहून कमी, म्हणून जागा ६. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाख ३१ हजार, भागाकार २४.१७, म्हणून जागा २४. याच फेररचनेत, जी २००८ साली अमलात आली, ठाण्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या व विदर्भाच्या ६६ वरून ६२ वर आल्या.

आता २०११ चे आकडे घेऊ. राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार. एका जागेमागे सुमारे ३ लाख ९० हजार. बीडची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार; भागाकार ६.६२. याच रीतीने हिशेब केल्यास जागा ७ भरतात. परंतु साडेसहाची सीमारेषा २५ लाख ३६ हजारांवर येते. म्हणजे अवघी ४९ हजार माणसे कमी मोजली गेली असती, तर सातवी जागा हिशेबातून नाहीशी झाली असती. उसाच्या हंगामात या जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या याच्या कितीतरी पट असते. तेव्हा या जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर एका आमदाराचे भवितव्य जनगणनेचे पथक कोणत्या महिन्यात दार ठोठावते, यावर अवलंबून राहू शकते.

२०११ च्या जनगणनेत गणनेचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी असा होता. या संपूर्ण काळात जो माणूस घरी नसेल, त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे करावी, असा नियम होता. दुबार मोजणी टाळण्यासाठी तो योग्यच आहे. पुढील जनगणनेसाठी जून २०२५ मधील अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविला. म्हणजे महिना पुन्हा तोच. या दिवसांत दिंद्रुडसारख्या गावांत किंवा बालाघाटाच्या डोंगरातील एखाद्या तांड्यावर गेल्यास काय दिसते? अनेक घरांना कुलूप, ओट्यावर म्हातारी माणसे आणि हंगामी वसतिगृहातून शाळेला जाणारी पोरे. कर्ती माणसे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर गेलेली असतात, ती पट्टा पडल्यावरच परततात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे स्त्रियाही तितक्याच संख्येने अनुपस्थित असतात. नियमाप्रमाणे ही सारी माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांच्या किंवा बेळगावच्या लोकसंख्येत जमा होतात. कारखान्याच्या आवारातील कोपीपर्यंत प्रगणक पोचला नाही, तर ती कोठेच जमा होत नाहीत.

एक आक्षेप व त्याचे उत्तर

यावर असे विचारले जाईल की, जो माणूस अर्धे वर्ष जेथे राबतो तेथेच तो मोजला गेला, तर बिघडले काय? माणसे शहरांकडे गेली म्हणून ठाण्याच्या जागा वाढल्या, हे आपण न्याय्य मानतोच ना? आक्षेप वजनदार आहे, पण तो दोन वेगळ्या गोष्टी एक करतो. ठाण्याला गेलेला माणूस तेथे स्थायिक झाला. त्याचे नाव तेथील मतदारयादीत गेले, मुलांची नावे तेथील शाळेत गेली, आणि तेथील आमदाराला त्याच्या दारात यावे लागते. ऊसतोड कामगाराचे घर, जमिनीचा तुकडा, शिधापत्रिका आणि मतदारयादीतील नाव ही सारी गावीच राहतात. फडातील कोपीत तो मोजला जातो, पण तेथे त्याचे मत कोणी मागत नाही. ज्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत तो भर घालतो तेथे तो मतदार नसतो, आणि जेथे तो मतदार असतो तेथे त्याची गणती होत नाही. स्थायी स्थलांतराबरोबर प्रतिनिधित्व हलणे हा न्याय आहे. हंगामी स्थलांतराबरोबर ते हलणे हा केवळ पंचांगाचा अपघात आहे.

मतदानाची स्थितीही फारशी निराळी नाही. २००४ पासून २०१९ पर्यंत विधानसभेचे मतदान ऑक्टोबरात झाले, तेव्हा टोळ्या बहुधा गावातच असत. २०२४ साली मात्र ते २० नोव्हेंबरला झाले, ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर. मत द्यावयाचे तर अनेकांना मजुरी बुडवून शेकडो मैल परतणे भाग होते.

या उपेक्षेच्या तुलनेत सुशिक्षितांची सोय पाहण्याजोगी आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था निवडतात, १२ राज्यपाल नियुक्त करतात, आणि ७ पदवीधरांसाठी व ७ शिक्षकांसाठी असतात. प्रस्तुत लेखकासारख्या महाविद्यालयीन शिक्षकाला विधानसभेसाठी एक, पदवीधर म्हणून एक आणि शिक्षक म्हणून एक, असा तीनदा मतदानाचा अधिकार राज्यघटनेने दिला आहे. आमच्या वर्गाला तीन मते आणि कोयता चालविणाऱ्याला असलेले एकही निर्वेध वापरता येत नाही, ही विषमता कोणत्याही अर्थशास्त्रीय सिद्धान्ताने समर्थनीय ठरणार नाही.

काय करता येईल?

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. राज्य शासनाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन केले आहे, आणि गावोगावच्या ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे धोरणही स्वीकारले आहे. ही नोंदणी गणनेपूर्वी पूर्ण व्हावी. साखर कारखान्यांच्या क्षेत्रातील कोप्यांसाठी स्वतंत्र प्रगणक नेमावेत आणि प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीत त्याचा मूळ जिल्हा व परतण्याचा काळ स्पष्ट लिहिला जावा. पुढे मतदारसंघ आखताना हंगामी माणसांची बेरीज त्यांच्या मतदारयादीच्या जिल्ह्यात धरता येईल काय, याचा विचार संसदेने कायदा करतानाच करावा. एकदा जनगणनेचे अंतिम आकडे प्रसिद्ध झाले की आयोगाचे हात त्या आकड्यांनी बांधले जातात. मागील आयोगाबरोबर प्रत्येक राज्यातील पाच खासदार व पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून काम करीत होते. त्यांना मताचा अधिकार नव्हता, परंतु म्हणणे मांडण्याचा होता. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी तो प्रसंग येण्यापूर्वीच आकडेवारीनिशी सिद्ध असावे.

विधानसभेच्या जागा १९७६ साली गोठविल्या गेल्या. २००१ च्या दुरुस्तीने त्यांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम राखली. एकदा ठरलेली रचना किती काळ टिकते, हे यावरून दिसून यावे. गणना काही आठवड्यांची असते, पण तिच्यावर उभे राहणारे सभागृह एक पिढीभर कारभार पाहते. पुढच्या वेळी पथक दारावर येईल तेव्हा कुलूपबंद घरातील माणसे कोठे आहेत, हे त्याने विचारले पाहिजे, आणि ते उत्तर आपल्या वहीत लिहून घेतले पाहिजे. ते लिहून घेण्याची तरतूद करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि तसा आग्रह धरणे हे आपल्या प्रतिनिधींचे.