सातबारा कोरा, तरी प्लॉट अडकलेला! इसार देण्याआधी झोन दाखला पाहा

सातबारा कोरा, बँकेचा बोजा नाही, वारसांचा वाद नाही. तरीही घेतलेल्या प्लॉटवर घर बांधायला परवानगी मिळत नाही. कारण विकास आराखड्यात तिथे उद्यान, शाळा किंवा रस्त्याचे आरक्षण असते.

विक्री करता येते का?
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार केवळ आरक्षण आहे म्हणून विक्री थांबत नाही. मात्र आरक्षण जमिनीवर असते, मालकावर नाही. खरेदीखत झाले की ते नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

सुटका कशी?
कलम १२७ नुसार अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढील २४ महिन्यांत संपादन किंवा त्यासाठीची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत १२ महिने होती. म्हणजे प्रतीक्षा किमान १२ वर्षांची!

मग चूक कुठे?
शहराला मैदाने, रस्ते हवेतच. पण पैसे नाहीत म्हणून जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे हा मालकावर अन्याय आहे. आरक्षणाची ठळक नोंद सातबारा आणि मिळकत पत्रिकेवरच हवी. म्हणजे खरेदीदार फसणार नाही.

तोवर इसार देण्याआधी झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. त्याचे शुल्क किरकोळ असते. अडकलेली रक्कम आयुष्यभराची.