उडता रंग आवरताना

पावसाळा ओसरला की घराला आणि पेढीला रंग देण्याचे दिवस येतात. दिवाळीचे वहीपूजन तोंडावर आलेले असते, भिंतींतील ओलावा अजून पुरता सुटलेला नसतो आणि रंगारी मात्र दहा ठिकाणी शब्द देऊन बसलेला असतो. या घाईत हल्ली कुंचला आणि रोलर यांच्या जोडीला रंग फवारण्याचे यंत्र आले आहे. दिवसाचे काम काही तासांत उरकेल, असे कंत्राटदार सांगतो आणि ते पुष्कळ अंशी खरेही असते. मात्र यंत्रातून सुटलेला सगळाच रंग भिंतीवर बसत नाही. काही भाग बारीक तुषार होऊन हवेत तरंगतो आणि वारा नेईल तिथे जाऊन बसतो. शेजाऱ्याच्या मोटारीवर, गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवर, गोदामातील मालावर आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसात. हा उडता रंग आवरायचा कसा आणि यंत्र वापरायचे कुठे, याचा विचार काम ठरवण्यापूर्वीच केलेला बरा.

प्रथम यंत्राची रीत समजून घेऊ. घरांच्या कामाला बहुधा एअरलेस जातीचे यंत्र आणतात. त्यात हवेचा उपयोग नसतो. पंप रंगालाच प्रचंड दाब देतो आणि तो रंग टिपच्या अतिशय बारीक छिद्रातून बाहेर पडताना फुटून पंख्यासारखा पसरतो. लाकडी फर्निचरच्या कामात दुसऱ्या जातीचे यंत्र दिसते, एचव्हीएलपी. त्यात हवा पुष्कळ पण तिचा दाब कमी असतो, म्हणून रंग कमी उडतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो; मात्र मोठ्या भिंतीला ते संथ पडते. भिंतीचे काम असताना लहान यंत्र आणणे आणि दरवाजाचे काम असताना मोठे यंत्र आणणे, या दोन्हींत पैसा वाया जातो.

टिपवर तीन अंक कोरलेले असतात. ते वाचता आले तर मालकालाही कामाचा अंदाज येतो. ५१७ या टिपचा पहिला अंक दुप्पट करावा. बारा इंचांवरून फवारल्यास सुमारे दहा इंच रुंदीचा पट्टा पडेल. उरलेले १७ म्हणजे छिद्राचा व्यास, इंचाचे सतरा सहस्रांश. भिंतीच्या इमल्शनला साधारणपणे १५ ते १९ या दरम्यानचे छिद्र चालते, इनॅमल आणि वार्निशला ११ ते १३ पुरते. पातळ रंगाला मोठे छिद्र लावले की रंग ओघळतो आणि उडतोही अधिक. वापराने छिद्र झिजून मोठे होते, पट्टा अरुंद होतो आणि कमी जागेत जास्त रंग ओतला जातो. पट्ट्याची रुंदी पाव भागाने घटली की ती टिप बदलावी. झिजलेल्या टिपवर वाचवलेले पैसे रंगाच्या डब्यातून दुपटीने निघून जातात.

उडत्या रंगाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त दाब. दाब जितका अधिक तितके थेंब बारीक, आणि थेंब जितका बारीक तितका तो भिंतीवर बसण्याऐवजी हवेत रेंगाळतो. म्हणून सुरुवात कमी दाबाने, एखाद्या जुन्या पुठ्ठ्यावर करावी. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना वेगळ्या जाड रेघा दिसतात. रंगारी त्यांना शेपट्या म्हणतात. दाब हळूहळू वाढवत जावे आणि शेपट्या नाहीशा झाल्या की तिथेच थांबावे. पूर्ण दाब देऊनही शेपट्या जात नसतील तर टिप झिजलेली आहे किंवा रंग फार घट्ट आहे. रंग आधी कापडातून गाळून घ्यावा आणि डब्यावर सांगितले आहे तेवढेच पाणी किंवा टर्पेंटाइन घालावे. फवारणी सोपी जावी म्हणून रंग अति पातळ केला तर तुषार वाढतात, भिंत झाकली जात नाही आणि तिसरा हात द्यावा लागतो.

यानंतर हाताची शिस्त. गन भिंतीपासून सुमारे बारा इंचांवर, म्हणजे हातभराच्या आतच, आणि भिंतीशी काटकोनात राहिली पाहिजे. नवशिक्या माणूस मनगटावर गन फिरवतो. त्यामुळे मध्यभागी रंग जाड बसतो, दोन्ही टोकांना पातळ होतो आणि टोकाकडचा रंग तिरका निसटून जातो. मनगट स्थिर ठेवून सारा हात, प्रसंगी सारे शरीर, भिंतीला समांतर सरकले पाहिजे. हात आधी हलू लागावा, मग घोडा दाबावा. आणि हात थांबण्यापूर्वी घोडा सोडावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. दहा इंचांचा पट्टा असेल तर एका फेरीत पाच इंच पुढे सरकता येते. दहा फूट उंचीच्या भिंतीला सुमारे चोवीस फेऱ्या झाल्या पाहिजेत. रंगारी बारा-तेरा फेऱ्यांत भिंत संपवत असेल तर ती घाई उन्हात पट्ट्यापट्ट्याने दिसून येईल. नव्या प्लास्टरवर पहिला हात फवारल्यावर तो ओला असतानाच कोरड्या रोलरने दाबून घ्यावा, म्हणजे रंग छिद्रांत शिरतो.

कडेला, छताच्या सांध्याजवळ किंवा खिडकीच्या चौकटीशी फवारताना दुसऱ्या हातात पातळ पत्र्याचा अथवा प्लास्टिकचा आडोसा धरतात. तो अधूनमधून पुसला पाहिजे, नाहीतर त्याच्याच कडेवरून थेंब गळतात. आडोसा हा मास्किंगला पर्याय मात्र नव्हे. खिडकीच्या काचा, दिव्यांची बटणे, फरशी, कुलपे, पंख्याची पाती, हे सर्व कागद, टेप आणि पातळ प्लास्टिकने झाकावेच लागते. झाकलेला एसी सुरू करू नये आणि पंखाही लावू नये. पंखा म्हणजे घरातच सोडलेला वारा. साधी मास्किंग टेप उन्हात फार दिवस राहिली तर चिकटून बसते आणि काढताना रंगासह निघते, म्हणून काम होताच ती तिरकी ओढून काढावी.

घराबाहेरच्या भिंतीला वाऱ्याची परीक्षा आधी घ्यावी. झाडाची पाने नुसती सळसळत असतील तर सावधपणे काम करता येते. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर त्या दिवशी गन खाली ठेवून रोलर उचलावा. मुंबई किंवा रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावी दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो. देशावरही ऊन चढले की झुळका वाढतात. म्हणून भिंतीवरचे दव सुकल्यानंतर आणि वारा सुटण्यापूर्वीची सकाळ ही फवारणीची वेळ. तापलेल्या भिंतीवरही फवारू नये, कारण थेंब बसण्यापूर्वीच सुकू लागतात. येथे रंगारंगांत एक भेद आहे. इमल्शनचे बारीक थेंब लांब उडाले तर वाटेतच सुकून धुळीसारखे पडतात आणि पुष्कळदा झाडून निघतात. इनॅमलचे थेंब बराच वेळ ओले राहतात, दूर जाऊनही चिकटतात. बाहेरच्या ग्रिलला किंवा फाटकाला इनॅमल फवारण्यापेक्षा कुंचल्याने दिलेले बरे, कारण जाळीतून निम्म्याहून अधिक रंग पलीकडेच जातो.

आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगणे हा कामाचाच भाग समजावा. सोसायटीच्या फलकावर वेळ लिहावी, वाहने हलवण्याची विनंती करावी, गच्चीवरचे कपडे आणि वाळवण उचलण्यास सांगावे, पाण्याच्या टाकीची झाकणे बंद करावीत. वळचणीला किंवा एसीच्या मागे पक्ष्यांचे घरटे आहे काय हेही पाहावे; अंडी वा पिले असतील तर तेवढा कोपरा पुढे ढकलता येतो.

व्यापारी कुटुंबाला पेढी आणि गोदाम यांचा वेगळा विचार करावा लागतो. रिकामे गोदाम, पन्हळी पत्र्याचे छप्पर, लांबलचक कुंपणभिंत ही यंत्राची खरी कामे. तेथे मजुरी आणि वेळ दोन्ही वाचतात. माल भरलेल्या गोदामात मात्र फवारणीचा मोह आवरावा. कापडाच्या गठ्ठ्यावर बसलेला तुषार निघत नाही. चहा, मसाले, तूप-तेल हे पदार्थ वास ओढून घेतात. टर्पेंटाइनच्या रंगाजवळ राहिलेला चहा दिसायला स्वच्छ असला तरी गिऱ्हाईक तो परत आणील. माल बाहेर काढणे शक्य नसेल तर रोलरने पाण्यातील रंग द्यावा. राहत्या, सामानाने भरलेल्या घरातही हाच न्याय: झाकाझाकीला जितका वेळ लागतो तितक्यात रोलरने खोली रंगवून होते.

आता सर्वांत गंभीर भाग. एअरलेस यंत्राचा दाब सहज २००० पीएसआयपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या सुमारे साठपट. टिपपुढे बोट आले तर रंग कातडी भेदून आत शिरतो. बाहेरून केवळ सुई टोचल्यासारखी खूण दिसते आणि प्रारंभी फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस पट्टी बांधून कामाला लागतो. आत मात्र रंग बोटाच्या मांसात पसरत असतो आणि उशीर झाला तर बोट गमवावे लागते. अशा वेळी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, रंगाचा डबा सोबत न्यावा आणि दाबाने रंग शरीरात शिरला आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. टिप साफ करण्यापूर्वी यंत्र बंद करणे, नळीतील दाब सोडणे आणि घोड्याला खीळ घालणे हे तिन्ही झालेच पाहिजे. यंत्राजवळ मुलांना फिरकू देऊ नये.

श्वासाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. नाकावर बांधलेला रुमाल तुषार अडवत नाही. पाण्यातील रंगाला कणरोधक मास्क हवा. टर्पेंटाइन किंवा थिनरच्या रंगाला वाफ शोषणाऱ्या डबीचा मास्क, उघड्या खिडक्या, आणि आसपास ठिणगी वा ज्योत नको. फर्निचरला पीयू पॉलिश करताना जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. असे काम कारखान्यात, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लावूनच व्हावे. बंद सदनिकेत, कुटुंब आतल्या खोलीत झोपलेले असताना ते करवून घेणे योग्य नाही. जुन्या दरवाजांचा रंग खरवडतानाही सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, हा २०१६ चा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या इनॅमलमध्ये शिसे असू शकते. तो थर कोरडा घासू नये, ओला करून काढावा आणि लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

इतके करूनही रंग उडालाच तर वेळ दवडू नये. ओले इमल्शन ओल्या फडक्याने निघते. काचेवरचे सुकलेले थेंब साबणाच्या पाण्याने भिजवून, पाते आडवे धरून काढावेत. मोटारीवरचा सुकलेला तुषार कोरड्या फडक्याने घासू नये, ओरखडे पडतात. मोटार चमकावणाऱ्या जाणकाराकडून क्ले बारने काढून घ्यावा. संगमरवरी फरशीला ॲसिड लावू नये. यंत्र धुतलेले पाणी गटारात वा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. बादलीत गाळ बसू द्यावा आणि तो वाळवून टाकावा.

व्यवहार ठरवताना चार गोष्टी कागदावर घ्याव्यात: कोठे यंत्र आणि कोठे रोलर, झाकण्याचे सामान कोणाचे, रंगाऱ्यांचे मास्क कोण देणार, आणि कोणाचे नुकसान झाल्यास भरपाई कोण करणार. मास्कचा खर्च आपण उचलला तरी तो एकूण रकमेत नगण्य असतो आणि कामगाराचा श्वास त्यावर अवलंबून असतो. काम संपल्यावर दिवसाउजेडी घराभोवती एक फेरी मारावी. काचा, फरशी, शेजाऱ्याची भिंत, उभी वाहने डोळ्यांखाली घालावीत, शेजाऱ्याला विचारावे आणि त्यानंतरच अखेरचा हप्ता द्यावा.