माशांच्या खाद्यात वनौषधी : वापर मोजूनमापून व्हावा

शेततळ्यांत मत्स्यपालन करणाऱ्या शेतकरी बंधूंकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. माशांच्या खाद्यात लसूण, हळद, गुळवेल, तुळस यांचा अर्क मिसळल्यास माशांचे पोट निरोगी राहते काय, आणि राहत असल्यास बाजारात मिळणारी अर्काची बाटली विकत घ्यावी काय? हे वस्तुतः दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र, प्रस्तुत लेखकाच्या मते, स्वतःच्या तळ्यावर मोजमाप केल्यावाचून कोणासही देता येणार नाही.

आतड्याचे महत्त्व

रोहू, कटला, मृगळ व सायप्रिनस या माशांना जठर नसते. खाल्लेले अन्न घशातून सरळ आतड्यात उतरते. माणसाच्या जठरातील आम्ल अन्नाबरोबर आलेल्या पुष्कळशा जंतूंचा नाश करते; तसा पहारा या माशांच्या ठिकाणी नाही. आतड्याचे अस्तर धड आहे आणि तेथे उपयुक्त जंतूंची वस्ती भरपूर आहे तोवर बिघडत नाही. अस्तरास इजा झाली की दिलेले खाद्य अंगी लागत नाही, आणि एरोमोनाससारखे जंतू रक्तात शिरून अंगावर लाल चट्टे व व्रण उठतात. खाद्यावर खर्च केलेला पैसा मग पाण्यातच जातो.

या कामी वनस्पतींचा उपयोग होतो, हे केवळ ऐकीव मत नाही. लसूण ठेचला असता त्यात ॲलिसिन हे तीव्र वासाचे द्रव्य तयार होते व ते जंतूंची वाढ रोखते. हळदीतील कर्क्युमिन दाह शमविण्यास मदत करते. भारतीय शास्त्रज्ञांनी रोहू माशास दर किलो खाद्यामागे १, ५ व १० ग्रॅम लसूण देऊन केलेले प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. लसूण खाल्लेल्या माशांची प्रतिकारशक्ती वाढली व एरोमोनासची लागण केल्यावर त्यांतील अधिक मासे वाचले, असे त्यांत आढळले.

यास दुसरीही बाजू आहे. मासे खाईनासे झाले की जनावरांच्या औषधाच्या गोळ्या कुटून खाद्यात मिसळण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती सर्वस्वी अनिष्ट होय. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधे मत्स्यसंवर्धनात वापरण्यास भारतात बंदी आहे. इतर प्रतिजैविकेही निदानावाचून दिल्यास जंतू त्यांना सरावतात, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध निरुपयोगी ठरते. या सवयीपेक्षा मूठभर लसूण केव्हाही बरा.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी नव्हे

परंतु ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज तितकाच घातक आहे. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी आपण मोहाची पेंड वापरतो. हेक्टरी एक मीटर खोल पाण्यास सुमारे २,५०० किलो पेंड टाकली की तिच्यातील सॅपोनिनमुळे मासे काही तासांत मरतात, आणि पाणी पुन्हा निर्धोक होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. मोह हीही वनस्पतीच आहे! कडुनिंबाचा अर्कही प्रमाणाबाहेर गेल्यास माशांस विषारी ठरतो. सबब, ज्या बाटलीवर घटकांची नावे, त्यांचे प्रमाण व खाद्यातील मात्रा छापलेली नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

येथे स्वतःची एक चूक नमूद करणे कर्तव्य समजतो. एका शेतकऱ्याने अशीच घटकांचा उल्लेख नसलेली बाटली आणली, तेव्हा ‘वनस्पतीच आहे, देऊन पाहा’ असे मी म्हणालो होतो. तीन आठवड्यांनी मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले, म्हणून त्याने मला बोलाविले. पाहतो तो शेडमध्ये जमिनीवर ठेवलेल्या शेंगदाणा पेंडीच्या पोत्यास खालून बुरशी लागलेली, पाणी गर्द हिरवे, आणि तळाशी न खाल्लेले खाद्य कुजत पडलेले. पेंडीवरील बुरशीचे विष माशाच्या यकृतास व आतड्यास बाधते; त्यावर कोणताही अर्क उतारा नाही. खाद्य बंद केले, ताजे पाणी सोडले व खराब पेंड फेकून दिली, तेव्हा काही दिवसांनी मासे सावरले. बाटल्यांवर झालेल्या खर्चात चांगल्या पेंडीचे पोते आले असते. मी प्रथम पोते व पाणी पाहावयास हवे होते.

मात्रा व कृती

समजा, तळ्यात सरासरी २०० ग्रॅम वजनाचे १,००० मासे आहेत. एकूण वजन २०० किलो, व त्याच्या २ टक्के म्हणजे रोजचे खाद्य ४ किलो. दर किलोस ५ ग्रॅम या हिशेबाने २० ग्रॅम सुक्या लसणाची भुकटी लागेल. ताज्या लसणात सुमारे दोन-तृतीयांश पाणी असल्याने तो ६० ग्रॅम घ्यावा. लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवावा, थोड्या खाद्यतेलात कालवून खाद्यास चोळावा, सावलीत सुकवावा व त्याच दिवशी वापरावा. शिजवल्यास त्याचा गुण जातो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून हळदीचा काढा करण्यापेक्षा ती तेलातून देणे योग्य.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

पिकाच्या नव्या वाणाची शिफारस आपण शेजारी जुना वाण पेरल्याशिवाय करीत नाही. माशांच्या बाबतीतही तोच नियम पाळावा. एकाच तळ्यात बारीक जाळ्याचे चार सारखे पिंजरे बांधून प्रत्येकात सारख्या वजनाची ५० बोटुकली सोडावीत. दोहोंस नेहमीचे खाद्य व दोहोंस लसूण मिसळलेले खाद्य साठ दिवस द्यावे. दर पंधरवड्यास वजन, जिवंत माशांची संख्या व लागलेले खाद्य वहीत लिहावे. शेवटी लसणाचा खर्च व वाढलेल्या वजनाची किंमत समोरासमोर मांडावी. फायदा दिसला तर शेजाऱ्यास सांगावे; न दिसला तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे.

प्रथम स्वच्छ पाणी, मग बुरशीविरहित खाद्य, आणि त्यानंतर वनौषधी, हा क्रम सोडू नये. शेतकरी आपल्या शब्दावर पैसे खर्च करतो. तो शब्द जाहिरातीवरून न देता वहीतील आकड्यांवरून द्यावा, एवढेच सांगणे आहे.